निरोप शेजाऱ्याचा, मजकूर मनमाडचा

मनमाड जंक्शनमधून रूळ चार बाजूंना फुटतात. पश्चिमेला लासलगाव, नाशिक रोड, इगतपुरी करत कल्याणकडे. पूर्वेला नांदगाव, चाळीसगाव, जळगाववरून भुसावळला. दक्षिणेला येवला, कोपरगाव, पुणतांबा, अहिल्यानगर असं करत दौंडला. आणि चौथा फाटा नगरसोलवरून छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी असा मराठवाड्यात. रेल्वेचा नकाशा जरा लांब धरून पाहिला की दिसतं, मनमाडला दोन मोठी कडी एकमेकांत अडकली आहेत. एक मनमाड–कल्याण–पुणे–दौंड–मनमाड. दुसरं मनमाड–भुसावळ–अकोला–पूर्णा–परभणी–संभाजीनगर–मनमाड. हे दुसरं कडं ब्रॉडगेजमध्ये पुरं झालं ते २००८ मध्ये, अकोला–पूर्णा मार्गाचं रुंदीकरण संपल्यावर.

रुळांच्या कडेने जमिनीखालून ऑप्टिकल फायबरही जाते. याच कामासाठी रेल्वेने २००० साली रेलटेल ही कंपनी काढली, आणि आज तिचं जाळं देशभरात ६० हजार किलोमीटरहून मोठं आहे. म्हणजे स्टेशनातून जशा गाड्या जातात, तसा त्याच वाटेने डेटाही जातो. या लेखापुरतं समजू, की वर सांगितलेल्यांपैकी काही मोक्याच्या स्टेशनांत एकेक राउटर आहे आणि रूळ जिथून जातात तिथूनच त्यांना जोडणारी फायबर जाते. आता येवल्याजवळ रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने खोदता खोदता ती फायबर तोडली. मनमाडहून पुणतांब्याला जाणारा डेटा काही सेकंदांच्या आत नाशिक, कल्याण, पुणे, दौंड असा उलटा वळसा घालून जायला लागतो. कंट्रोल रूममधून कुणी आदेश दिलेला नसतो. राउटर आपापसात बोलून हे ठरवतात. ते काय बोलतात आणि एकमेकांवर कितपत विश्वास ठेवतात, हे बघण्यासारखं आहे.

आधी जुनी पद्धत, कारण नवी कशासाठी आली ते त्याशिवाय कळत नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक राउटर शेजाऱ्याला फक्त निष्कर्ष सांगायचा: अमुक ठिकाण माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर आहे. रिप नावाचा प्रोटोकॉल अजूनही असाच चालतो. दर ३० सेकंदांनी तो आपली सगळी यादी शेजाऱ्यांना वाचून दाखवतो.

पुणतांब्याहून साईनगर शिर्डीला रेल्वेचा एक आखूड फाटा जातो आणि तिथेच संपतो. पुणतांबा म्हणतं, शिर्डी माझ्यापासून १ टप्पा. ते ऐकून मनमाड म्हणतं, माझ्यापासून २. आता पुणतांबा–शिर्डी तार तुटली. पुणतांबा ही बातमी सांगणार, एवढ्यात मनमाडची नेहमीची यादी येऊन पडते: शिर्डी माझ्यापासून २. पुणतांब्याला वाटतं, वा, मनमाडकडे वेगळा रस्ता दिसतोय; मग माझ्यापासून ३. ते ऐकून मनमाड ४ करतं, पुणतांबा ५. दोघंही एकमेकांच्या भरवशावर नसलेल्या रस्त्याचं अंतर वाढवत बसतात. शेवटी आकडा १६ वर पोहोचला की रस्ता नाही असं समजायचं, असा नियमच रिपमध्ये करून ठेवावा लागला. ज्याच्याकडून रस्ता कळला त्यालाच तो परत सांगू नये, ही सुधारणा नंतर आली. दोघांतलं भांडण तिने मिटतं, पण तीन-चार राउटरांचं वर्तुळ असेल तर तीही पुरी पडत नाही. दोष आकडेमोडीत नाही. मनमाडने सांगितलेले २ टप्पे मुळात पुणतांब्याच्याच शब्दावर उभे होते, आणि ते त्या आकड्याकडे बघून कुणाला कळायची सोय नव्हती.

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अमेरिकेतल्या अर्पानेटवर सुरुवातीची दहा वर्षं अशीच पद्धत होती. १९७९ मध्ये जॉन मॅकक्विलन, आयरा रिचर आणि एरिक रोझेन यांनी ती बदलली. त्यांचा विचार सरळ होता. प्रत्येक राउटरने फक्त स्वतःच्या दारात काय आहे तेवढंच सांगायचं: माझे शेजारी कोण, त्यांच्यापर्यंतची तार चालू आहे का, आणि तिच्यावरून जायला किती पडतं. जगाबद्दल मत द्यायचं नाही. आणि शेजाऱ्याने ते निवेदन पुढे द्यायचं ते अक्षर न बदलता, मूळ लिहिणाऱ्याच्या नावानिशी. सगळ्यांची निवेदनं सगळ्यांकडे जमली की प्रत्येकाकडे पूर्ण नकाशा तयार होतो, आणि त्यावरून ज्याचा त्याने रस्ता काढायचा.

रस्ता काढायचं गणित तोवर तयार होतंच. डच गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांना ते १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसल्या बसल्या, कागद-पेन्सिलीशिवाय वीसेक मिनिटांत सुचलं होतं. प्रश्न होता रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सर्वांत जवळचा रस्ता. छापून आलं १९५९ मध्ये. पाठ्यपुस्तकं या गणितावर पानंच्या पानं खर्च करतात. मला विचाराल तर ते या प्रकरणातलं सोपं काम आहे. खरी अडचण त्याच्या आधीची आहे: सगळ्यांच्या हातात एकच, ताजा नकाशा असणार कसा?

या विचारातून निघालेले दोन प्रोटोकॉल आज जगभर चालतात. एक ओएसपीएफ, त्याचं पहिलं मानक १९८९ चं आणि आज प्रचलित असलेलं जॉन मॉय यांनी लिहिलेलं १९९८ चं. दुसरा आयएस-आयएस, मोठ्या दूरसंचार कंपन्यांचा लाडका. तपशील वेगळे असले तरी जात एकच, लिंक-स्टेट. पुढचे आकडे ओएसपीएफचे आहेत.

शेजारी जिवंत आहे की नाही हे कळायला राउटर हॅलो नावाचं छोटं पॅकेट पाठवत राहतो, नेहमीच्या तारेवर दर १० सेकंदांनी. लागोपाठ ४० सेकंद शेजाऱ्याचा हॅलो आला नाही तर तो गेला असं समजायचं. ४० सेकंद म्हणजे फोनवरचं बोलणं तुटून, दोघांनी हॅलो हॅलो करून, पुन्हा नंबर लावण्याइतका वेळ. त्यामुळे प्रत्यक्षात एवढी वाट क्वचितच बघतात. फायबर तुटली की पलीकडून येणारा प्रकाश बंद होतो आणि ते राउटरच्या पोर्टला लगेच समजतं. जिथे मध्ये दुसरं उपकरण असल्याने प्रकाश चालूच राहतो, तिथे सेकंदाच्या अंशात विचारपूस करणारी बीएफडी नावाची वेगळी सोय लावतात. हॅलो मग मागे उभ्या असलेल्या राखणदारासारखा.

येवल्याजवळची फायबर तुटली. मनमाडचा राउटर आपलं निवेदन नव्याने लिहितो. तांत्रिक भाषेत त्याला लिंक-स्टेट अ‍ॅडव्हर्टाइजमेंट किंवा एलएसए म्हणतात. आपण पत्रक म्हणू. पत्रकाला २० बाइटचं डोकं असतं. त्यात लिहिणाऱ्याचा ओळखक्रमांक, पत्रकाचा अनुक्रमांक, पत्रकाचं वय आणि मजकुरात वाटेत काही बिघडलं तर कळावं म्हणून एक पडताळणीची बेरीज. खाली शेजाऱ्यांची यादी. चार शेजारी असताना मनमाडचं पत्रक जेमतेम १२० बाइटचं होतं. युनिकोडमधलं हे एवढं मराठी वाक्यसुद्धा त्याहून जड आहे. नव्या पत्रकात तीनच शेजारी आहेत, नाशिक रोड, भुसावळ आणि संभाजीनगर. पुणतांबा गेलं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ते नाव यादीत नाही, एवढंच. जुन्या पत्रकाचा अनुक्रमांक समजा ५१७ होता, तर याचा ५१८.

हे पत्रक तिन्ही शेजाऱ्यांकडे जातं आणि फक्त शेजाऱ्यांकडेच. ते ज्या पॅकेटात घातलेलं असतं त्याला एका टप्प्यापुरतंच आयुष्य दिलेलं असतं. पुढे न्यायचं तर शेजाऱ्याने ते उघडून, तपासून, नव्या पॅकेटात घालून न्यायचं. नाशिक रोडचा राउटर काय करतो ते जवळून पाहू. आधी बेरीज जुळते का बघतो. नाही जुळली तर पत्रक सरळ फेकून देतो. जुळली तर आपल्या संग्रहात मनमाडच्या नावाचं काय आहे ते काढतो. तिथे ५१७ सापडतं. ५१८ नवं, म्हणून ५१७ काढून ५१८ ठेवतो, ज्या तारेवरून आलं ती सोडून बाकीच्या तारांवर, म्हणजे कल्याणकडे, ते पाठवतो आणि मनमाडला पोच देतो. पोच आली नाही तर मनमाड ५ सेकंदांनी तेच पत्रक पुन्हा पाठवतं, आणि पोच मिळेपर्यंत पाठवत राहतं. संग्रहात आधीच ५१८ असतं तर नाशिक रोडने ते पुढे पाठवलंच नसतं. आणि कुठल्याशा चक्करने ५१६ आलं असतं, तर आणणाऱ्यालाच ५१८ दाखवून त्याची चूक सुधारली असती. हा शेवटचा नियम मला फार आवडतो. शिळी बातमी आणणाऱ्याला नुसतं हाकलत नाहीत, ताजी देऊन परत पाठवतात.

याला फ्लडिंग म्हणतात, आणि नाव ऐकून वाटतो तेवढा तो गोंधळ नसतो. मनमाडचं पत्रक परभणीला दोन वाटांनी येतं, एकदा संभाजीनगर–जालन्यावरून आणि एकदा भुसावळ, अकोला, पूर्णा असा फेरा मारून. पहिलं येतं ते ठेवलं जातं. दुसरं आलं की अनुक्रमांक तोच दिसतो आणि लाट तिथे विरते. कडं बंद असूनही पत्रक गोल गोल फिरत राहत नाही. फायबरमधून प्रकाशाला हजार किलोमीटर जायला साधारण ५ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक राउटरातली तपासणी धरली तरी सगळ्या महाराष्ट्राला ही बातमी डोळ्याची पापणी लवेपर्यंत कळते.

तिकडे पुणतांब्यानेही स्वतःचं पत्रक काढलेलं असतं, मनमाड वगळून. ते दौंडकडून निघतं. पण दोन्ही पत्रकं पोहोचेपर्यंत थांबायची गरज नाही. तार धरायची ती दोन्ही टोकं तिचं नाव घेत असतील तरच, असा नियम आहे. एकाने नाव गाळलं की नकाशावरून ती रेघ पुसली जाते.

यात एक लहानशी फट राहते. मनमाडने नवा नकाशा करून पुणतांब्याचं पॅकेट नाशिककडे पाठवलं, पण नाशिकचं गणित अजून व्हायचं आहे. त्याच्या जुन्या नकाशात पुणतांब्याचा रस्ता मनमाडवरूनच आहे. तो पॅकेट परत पाठवतो, मनमाड पुन्हा नाशिकला. काही मिलिसेकंद असा चेंडू टोलवला जातो. प्रत्येक पॅकेटावर उरलेल्या टप्प्यांचा आकडा असतो, तो शून्यावर आला की पॅकेट मरतं. एरवी तोवर नाशिकचं गणितही झालेलं असतं.

एवढं सगळं एका गोष्टीवर उभं आहे: ५१८ हे ५१७ पेक्षा नवं. हे वाक्य वाटतं तितकं निरुपद्रवी नाही, हे अर्पानेटला २७ ऑक्टोबर १९८० रोजी कळलं. त्या दिवशी सगळं जाळं काही तास ठप्प झालं.

अर्पानेटच्या पत्रकांना अनुक्रमांकासाठी फक्त ६ बिट होते, म्हणजे ० ते ६३. ६३ नंतर पुन्हा ०, घड्याळासारखं. मग ६२ आणि १ यांत नवं कोणतं? नियम असा केला होता, की दोघांतलं अंतर ३२ पर्यंत असेल तर मोठा आकडा नवा, त्याहून जास्त असेल तर छोटा आकडा नवा, कारण तो फेरा पूर्ण करून आलेला असणार. रोजच्या वापरात हे चोख चालत होतं. त्या दिवशी एका यंत्राच्या मेमरीतून बिट गळायला लागले, आणि त्याच्या शेजारच्या ५० क्रमांकाच्या यंत्राच्या नावाची तीन पत्रकं एकाच वेळी जाळ्यात फिरू लागली. अनुक्रमांक होते ४४, ४० आणि ८. बिटांत लिहून पाहा. ४४ म्हणजे १०११००. त्यातला एक १ गळाला की १०१०००, म्हणजे ४०. आणखी एक गळाला की ००१०००, म्हणजे ८. आता नियम लावा. ४४ हे ४० पेक्षा नवं. ४० हे ८ पेक्षा नवं, अंतर बरोबर ३२. आणि ४४ व ८ मध्ये अंतर ३६, म्हणून ८ हे ४४ पेक्षा नवं! प्रत्येक यंत्राने इमानेइतबारे नियम पाळला. ४० आलं, त्याच्या जागी ४४ ठेवलं, पुढे पाठवलं. मग ८ आलं, ते नवं म्हणून ठेवलं, पुढे पाठवलं. मग ४० आलं. ही तीन पत्रकं एकमेकांना ढकलत जाळ्यात फिरत राहिली आणि यंत्रांना दुसरं काही करायला सवड उरली नाही. जुनं पत्रक वयाने बाद करायची सोय होती, पण वय मोजलं जायचं ते पत्रक मेमरीत काही सेकंद पडून राहिलं तर. इथे एकही पत्रक तितका वेळ टिकत नव्हतं. यंत्रं बंद करून चालू केली तरी शेजारी तीच पत्रकं पुन्हा हातात ठेवायचे. शेवटी ५० क्रमांकाच्या नावाचं काहीही ऐकायचं नाही, अशी सूचना यंत्रांमध्ये घालावी लागली. रोझेन यांनी पुढच्या वर्षी या घटनेचं शवविच्छेदन लिहून जाहीर केलं. आपली चूक इतकी उघडपणे मांडणारे दस्तऐवज कमी असतात.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८३ मध्ये मांडला, आणि आजच्या प्रोटोकॉलांत त्याचीच छाप आहे. आजचे प्रोटोकॉल अनुक्रमांक गोल फिरू देतच नाहीत; एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चढू देतात. ओएसपीएफमध्ये त्याला ३२ बिट दिले आहेत. एका पत्रकाची नवी आवृत्ती ५ सेकंदांच्या आत काढता येत नाही. हा नियम सैल कनेक्टरमुळे तार चालू-बंद होत राहिली तर तिने सगळ्यांना वेठीला धरू नये म्हणूनही आहे. या वेगाने सगळे आकडे संपायला ६८० वर्षं लागतील. शिवाय पत्रकाला वय असतं आणि ते प्रत्येकाच्या संग्रहात सेकंदासेकंदाने वाढतं. लिहिणाऱ्याने दर ३० मिनिटांनी, काही बदललेलं नसलं तरी, नवी प्रत काढायची. ६० मिनिटांत नवी प्रत आली नाही तर पत्रक बाद. कायमच्या बंद केलेल्या राउटरचं नाव त्यामुळे नकाशात भुतासारखं राहत नाही.

मग वीज गेली आणि मनमाडचा राउटर पुन्हा सुरू झाला तर? त्याला मागचा आकडा आठवत नाही. तो पहिल्यापासून मोजायला लागतो आणि १ नंबरचं पत्रक काढतो. शेजाऱ्यांकडे त्याच्याच नावाचं ५१८ असतं. ते १ ला शिळं ठरवून ५१८ त्याच्या हातात देतात. स्वतःच्या नावाचं, पण आपण लिहिल्याचं आठवत नसलेलं पत्रक बघून राउटर वाद घालत नाही. एक पाऊल पुढे जाऊन ५१९ काढतो. ते सगळीकडे मान्य होतं. त्याची विसरलेली गोष्ट शेजाऱ्यांनी जपून ठेवलेली असते.

जाळं वाढलं की हे सगळं जड होतं, त्यावरचे दोन तोडगे धावते सांगतो. एकाच स्विचवर दहा राउटर असतील तर प्रत्येकाने प्रत्येकाशी पत्रकं जुळवायची म्हणजे ४५ जोड्या. त्याऐवजी एक मुख्य आणि एक पर्यायी राउटर निवडतात, बाकीचे त्या दोघांशीच जुळवतात, जोड्या १७ वर येतात. आणि हजारो राउटर असतील तर जाळ्याचे विभाग पाडतात. सविस्तर पत्रकं विभागाच्या आतच फिरतात, बाहेर फक्त सारांश जातो. इथे जुनी निष्कर्ष सांगायची पद्धत मागच्या दाराने परत येते. म्हणूनच सगळे विभाग मधल्या शून्य क्रमांकाच्या विभागाला जोडले पाहिजेत, हा कडक नियम.

नकाशा मात्र कितीही ताजा असला तरी त्यात पत्रकांत लिहिलेलंच असतं. मनमाडहून दौंडचा फाटा आणि संभाजीनगरचा फाटा कागदावर दोन वेगळ्या रेघा आहेत. कुणी दौंडसाठी दुसरा रस्ता म्हणून संभाजीनगर, परभणी, परळी, लातूर, कुर्डुवाडी असा आखला तर राउटर मान डोलावेल. पण मनमाडमधून निघताना दोन्ही फाटे अंकाई-टंकाईच्या डोंगराकडेच जातात. तेवढ्या अंतरात दोन्ही फायबर एकाच चरात असतील, तर जेसीबीचा एकच फावडा दोन्ही रेघा एकदम पुसेल. चर एकच आहे हे पत्रकाच्या साध्या यादीत येत नाही. ते माणसाने वेगळं नोंदवावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ते एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याच्या डोक्यातच असतं.

मनमाडला पाचवी दिशाही मिळणार आहे. इंदूर–मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. रुळांसोबत फायबर येईल, आणि कधीतरी मनमाडच्या नव्या पोर्टवर अनोळखी राउटरचा हॅलो येईल. हॅलोमध्ये आपण कुणाकुणाचं ऐकलं त्यांची नावं असतात. त्यात स्वतःचं नाव दिसलं की मनमाडला कळेल, आपलंही तिकडे पोहोचतंय. मग दोघं संग्रह जुळवतील. पूर्ण पत्रकं न देता आधी नुसती २० बाइटची डोकी एकमेकांना दाखवायची, आणि ज्याच्याकडे जे नाही किंवा जुनं आहे ते त्याने मागून घ्यायचं. दोन्ही टोकांना पॅकेटाच्या कमाल आकाराचा आकडा वेगळा भरला असेल तर गाडी इथेच अडते, आणि नव्या इंजिनिअरची पहिली रात्र बहुधा त्यातच जाते. जुळणी झाली की मनमाड आपल्या पत्रकात नव्या शेजाऱ्याचं नाव घालेल आणि शेजारी मनमाडचं. ही दोन्ही पत्रकं पोहोचेपर्यंत दौंड, परभणी किंवा भुसावळ यांच्यातला कुणीही त्या मार्गावर एकही पॅकेट सोडणार नाही.